टिपणीसकाकांची न सापडलेली गळती

टिपणीसकाका कुणाच्याही घरी गेले की आधी त्या घराच्या गॅसला फेस लावायचे. यजमान दारात हात जोडून उभे, आतून कांदा परतल्याचा वास येतोय, आणि हे बूट काढून सरळ वॉटर हीटरच्या कपाटाकडे. एका हातात काचेची बरणी, दुसऱ्या हातात दाढीचा ब्रश. पाइपाच्या एकेका सांध्यावर ते ब्रश गोल गोल फिरवायचे, मग गुडघ्यांवर हात ठेवून वाकायचे आणि श्वास रोखून बघत राहायचे. बुडबुडा आला नाही की मान डोलवत बाहेर यायचे आणि म्हणायचे, "हं. आता बोला. कसं काय?"

"आधी गळती, मग गप्पा," हे त्यांचं ब्रीद होतं. आमच्या वास्तुशांतीच्या दिवशी गुरुजी होम पेटवायला काडी ओढणार, तोच काकांनी त्यांचा हात धरला. गुरुजी एरवी एका बँकेत हिशेब तपासनीस होते, त्यामुळे तपासणी म्हटल्यावर त्यांना आक्षेप घेता येईना. पाहुणे पाटावर, समिधा कुंडात, आणि काका स्वयंपाकघरात शेगडीच्या मागे पालथे पडलेले. शेवटी आतून आवाज आला, "स्वाहा म्हणायला हरकत नाही!"

हे सगळं ह्यूस्टनच्या बाहेर, शुगर लँडमध्ये. ऐंशीच्या दशकात आम्ही तिथे मोजकी मराठी घरं होतो. अर्धे तेल आणि गॅसमधले इंजिनिअर, अर्धे डॉक्टर. टिपणीसांच्या घरात दोन्ही. काका मूळचे नागपूरचे, एका गॅस पाइपलाइनच्या कंपनीत वरिष्ठ इंजिनिअर. काकू, म्हणजे डॉक्टर मालती टिपणीस, ऑपरेशनच्या वेळी भूल द्यायच्या. "आमच्याकडे दोघंही गॅसवरच," काका सांगायचे. "ही माणसं झोपवते, मी बिअर जागी करतो."

बिअर हा काकांचा खरा संसार. घरी बिअर करायला टेक्सासने नुकतीच मोकळीक दिली होती, आणि काकांनी ती मोकळीक मनावर घेतली. गॅरेजमध्ये एक जुना फ्रीज. त्याच्या दाराला भोक पाडून नळ बसवलेला. आत सोडा कंपन्यांनी भंगारात काढलेली स्टीलची उंच पिंपं, आणि बाहेर कार्बन डायऑक्साइडची टाकी. टाकीच्या डोक्यावर दाब दाखवणाऱ्या दोन घड्याळांचा रेग्युलेटर, तिथून नळी, नळीतून गॅस पिंपात, आणि पिंपातून बिअर आपल्या पेल्यात. पेला स्टीलचा, घरून आणलेला, बुडाला नाव कोरलेला.

बिअरची चव बेताची होती, हे आता एवढ्या वर्षांनी सांगायला हरकत नाही. एकदा त्यांनी तीत गूळ घातला होता, तेव्हा तर बेताचीही नव्हती. पण काकांचा जीव चवीत नव्हताच. ते स्वतः जेमतेम अर्धा पेला घेत आणि तोही डोळ्यांनी पीत. फेस किती वर आला, किती वेळ टिकला, बुडबुडे बारीक की जाड. जिभेला लागेपर्यंत त्यांचा अभ्यास संपलेला असायचा.

आणि गळती शोधायचं त्यांचं औषध होतं रिठा. आपला केस धुवायचा रिठा. अमेरिकन साबणाचा फेस त्यांना पसंत नव्हता. "फार उतावळा. बुडबुडा येतो आणि तुम्ही चष्मा लावेपर्यंत फुटतो. रिठ्याचा फेस कसा बसून राहतो बाप्पा, पाहुण्यासारखा." त्यामुळे गावातलं कुणीही भारतात निघालं की काकांचा फोन ठरलेला. लोक येताना मसाले, लोणची, साड्या आणत. आम्ही रिठे आणत असू. एकदा विमानतळावर कस्टमच्या अधिकाऱ्याने माझी पिशवी उघडली आणि त्या काळ्या सुरकुतलेल्या गोळ्यांकडे बघून विचारलं की हे काय. मी सांगितलं, केसांना लावतात. मग प्रामाणिकपणाची हुक्की आली म्हणून पुढे सांगितलं, पण हे बिअरसाठी आहेत. त्याने मला बाजूला बसवलं आणि एकेक रिठा फोडून बी काढून टाकायला लावलं. बाहेर शुभा, माझी बायको, दोन्ही मुलांना घेऊन ताटकळत होती. घरी पोचलो तर काका आमच्या पायऱ्यांवर बसलेले. पिशवीत नाक घालून म्हणाले, "बिया काढून आणल्यास? अरे वा! हुशार आहेस."

काकांनी आम्हालाही या पंथात ओढलं. माझ्या आणि सुधीर कर्व्याच्या गॅरेजमध्ये तसेच फ्रीज आले, तशीच पिंपं आली. सुधीर माझ्याच ऑफिसातला, जन्माने गिरगावकर, स्वभावाने आळशी. पंथ स्वीकारला म्हणजे उपचारही आलेच. पेल्यात नुसताच फेस आला की आम्ही फोन करायचो, आणि काका डॉक्टरी सुरात चौकशी करायचे.

"कधीपासून येतोय फेस?"

"कालपासून, काका."

"नळी किती लांब आहे? फ्रीज किती गार आहे? प्रेशर कुणी वाढवलं?"

"कुणी नाही."

"गॅस खोटं बोलत नाही, अरविंद. माणसं बोलतात. कुणी वाढवलं?"

मीच वाढवलेलं असायचं. मग काका येत. गॅस बंद करत, पिंपातला दाब सोडत, झाकणाच्या रबरी कड्यांना बोट लावून बघत. टाकी आणि रेग्युलेटरच्या मध्ये एक छोटा वॉशर असतो, तो लोक पुन्हा पुन्हा वापरतात आणि तिथेच गळती सुरू होते. काका नवे वॉशर खिशात घेऊन हिंडत, काकूंच्या जुन्या कुंकवाच्या डबीत. डबी उघडून वॉशर काढताना ते असे काही जपून चिमटीत धरत की आपण हात पुढे करून प्रसाद घ्यावा असं वाटे.

त्यांचा सगळ्यात आवडता धडा वजनाचा होता. "टाकीत गॅस किती उरलाय ते घड्याळ सांगत नाही," ते प्रत्येक नवशिक्याला सांगत. "आत तो पातळ होऊन बसलेला असतो. संपत येईपर्यंत काटा हलतच नाही, आणि हलतो तो थंडीउन्हाने. गॅस मोजायचा तर टाकी तोलायची." टाकीचं रिकामं वजन तिच्या मानेवर ठोकलेलं असतं. एकूण वजनातून ते वजा केलं की उरला तो गॅस. इतकं सोपं.

आता तोलायला घरात होता फक्त बाथरूममधला वजनकाटा. त्यावर टाकी उभी ठेवली तर लवंडायची, आणि आकडाही तिच्याखाली झाकला जायचा. म्हणून दर शनिवारी काका टाकीला लेकरासारखं छातीशी धरून काट्यावर उभे राहत. पुढ्यात टाकी असल्याने त्यांना स्वतःला आकडा दिसत नसे. तो दुसऱ्या कुणीतरी वाकून वाचायचा. बहुतेक वेळा ते काम माझ्याकडे असे. मी आकडा सांगितला की काका त्यातून टाकीचं रिकामं वजन आणि वर दीडशे पौंड वजा करत. दीडशे म्हणजे ते स्वतः.

"काका, तुमचं वजन एकदा बघायला नको का?"

"माझं वजन लग्नापासून दीडशे आहे," काका अभिमानाने सांगत. "ते बघायचं नसतं. ते धरून चालायचं असतं."

एका दिवाळीनंतर टाकीतला गॅस चार पौंडांनी वाढला. न भरता. काकांनी पुन्हा तोललं, मग पुन्हा. काकू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "अहो, अनारसे कुणी संपवले?" काकांनी त्या प्रश्नाकडे शास्त्रीय दुर्लक्ष केलं आणि दुसऱ्या दिवशी नवा काटा आणला. नव्या काट्यानेही तेच सांगितलं. तेव्हा ते म्हणाले की अमेरिकन माल हल्ली पूर्वीसारखा राहिला नाही.

मग तेलाचे भाव कोसळले.

आमच्या भागात तेलाचे भाव पडले की काय होतं ते बाहेरच्यांना कळणार नाही. रस्त्यातल्या घरांपुढे एकेक करून विक्रीच्या पाट्या लागल्या. आमच्या मोजक्या मराठी घरांतली दोन कुटुंबं कॅलिफोर्नियाला गेली, एक नॉर्थ कॅरोलायनाला. माझं आणि सुधीरचं ऑफिस कसंबसं तगलं. काकांचं नाही. त्यांनी ही बातमी आम्हाला नळाखाली पेला धरून दिली. "कंपनीने माझा व्हॉल्व्ह बंद केला बरं का," ते म्हणाले, आणि फेसाची उंची बघितली. "बरंच झालं. मेंटेनन्सला वेळच मिळत नव्हता."

आणि मेंटेनन्स सुरू झाला. पिंपं उघडून रबरी कडी उकळली गेली. नळ्या बदलल्या. नळाचे भाग सुटे करून वर्तमानपत्रावर ओळीने मांडले गेले. ते झाल्यावर त्यांनी माझं गॅरेज धरलं, मग सुधीरचं. आमची यंत्रं इतकी निरोगी झाली की काही करायलाच उरलं नाही. काकू दिवसभर हॉस्पिटलमध्ये असत. मुलगी नेहा ऑस्टिनला कॉलेजात. रविवारी तिचा फोन यायचा, "डॅड, आर यू ओके?" आणि काका तिला रिठ्याच्या नव्या प्रयोगाबद्दल सांगत.

अशातच एका शनिवारी काका गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "माझ्याकडे गळती आहे."

वैद्यबुवांनाच ताप आला म्हणावं तशी ती बातमी होती. आम्ही आधी हसलो. पण आकडा खरंच उतरला होता. पुढच्या शनिवारी आणखी उतरला. काकांनी वॉशर बदलला, मग रेग्युलेटर बदलला, मग त्या रेग्युलेटरचा वॉशर बदलला. फेस लावून लावून टाकी पांढरी केली. एकही बुडबुडा नाही.

आता हा सगळ्यांच्या इभ्रतीचा प्रश्न झाला. शनिवारी दुपारी आम्ही सहकुटुंब जमायला लागलो. शुभा रेग्युलेटरला ब्रश लावी, सुधीरची बायको नळीला, मुलं फ्रीजला, ज्याला फेस लावण्याची काहीच गरज नव्हती. एकदा तर टाकी बाथटबमध्ये बुडवली. आम्ही सगळे कडेने वाकून बघतोय, आणि सुधीर ओरडला, "बुडबुडा! यार, बुडबुडा!" तो त्याच्या स्वतःच्या बाहीतून निघाला होता. काका मात्र खूश होते. बाह्या वर सारून ते हुकूम सोडत होते, प्रत्येकाला जागा वाटून देत होते. ऑफिसात ते असेच दिसत असणार, असं मला तेव्हा वाटून गेलं.

शेवटी आकडा अशा ठिकाणी पोचला की टाकी रिकामी ठरली. आणि नळ उघडला तर बिअर फसफसून वर! पुढच्या आठवड्यात मी वाकून आकडा वाचला, काकांनी वजाबाकी केली आणि ते थबकले. हिशेबाने टाकीत उणे दोन पौंड गॅस होता.

"उणे?" सुधीर म्हणाला. "म्हणजे आपण टाकीला देणं लागतो?"

सगळे हसले. काका हसले नाहीत. टाकी खाली ठेवून ते तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले, आणि मग म्हणाले, "पुढच्या शनिवारी पुन्हा शोधू."

उलगडा काकूंनी केला. त्या एका संध्याकाळी हॉस्पिटलमधून परस्पर आमच्याकडे आल्या. हातात काकांचा पट्टा. पट्ट्याला खिळ्याने पाडलेलं नवं भोक होतं, आणि त्याच्या पलीकडे आणखी एक.

"शुभा, टाकी नाही गं गळत," त्या म्हणाल्या. "आमचे हे गळतायत."

त्या रोज डबा करून फ्रीजमध्ये ठेवत. संध्याकाळी रिकामा डबा घासून पालथा घातलेला दिसे. आदल्या आठवड्यात शेजारच्या अमेरिकन बाईने कुंपणापाशी त्यांना थांबवलं आणि मनापासून आभार मानले, की तुमच्या नवऱ्याने दिलेली भाजी-पोळी आमच्या कुत्र्याला फार आवडते. काकूंनी घरी जाऊन विचारलं तेव्हा काका म्हणाले, "एकट्याला पान घेऊन बसायला कसंतरी होतं. घशाखाली उतरत नाही." ऑफिसात सतरा माणसांच्या टेबलावर वर्षानुवर्षं डबा खाल्लेला माणूस. त्यांच्या लिंबाच्या लोणच्यासाठी टेक्सासचे सहा फुटी गडी रांग लावायचे, हे ते आम्हाला किती वेळा सांगत असत.

"दुखणंबिखणं नाही, सगळ्या तपासण्या केल्या मी," काकू म्हणाल्या. "पण हे त्यांना सांगू नका. त्यांचं दीडशे आहे ते दीडशेच राहू दे." आणि भल्याभल्यांना भूल देणारी ती बाई आमच्या स्वयंपाकघरात पट्टा हातात धरून रडली. शुभाने तिच्यासमोर गरम आमटी ठेवली आणि स्वतःही डोळे पुसले. मला फार वाईट वाटलं. इतके शनिवार मी वाकून तो आकडा वाचत होतो आणि एकदाही मान वर करून त्यांच्याकडे बघितलं नव्हतं.

मग शुभाने सूत्रं हाती घेतली. सोमवारी साडेअकराला तिने काकांना फोन केला, "काका, आमच्या पिंपातून सूं असा आवाज येतोय हो." काका धावत आले. तपासणी झाली, आवाज अर्थातच निघाला नाही, आणि तोवर ताटं वाढून झाली होती. मंगळवारी सुधीरच्या बायकोची बिअर मुकी झाली, फसफसेचना. ती बाई बिअरला शिवतही नव्हती. बुधवारी पुन्हा आमच्याकडे. गावातल्या ज्या घरांत पिंप नव्हतं त्यांनी आपले वॉटर हीटर पुढे केले. "आधी गळती, मग गप्पा" यात आता तिसरं कलम आलं, मग जेवण. पिठलं, भाकरी, एखाद्या दिवशी पुरणपोळी. आणि टाकी हळूहळू भरायला लागली. उण्याचं शून्य झालं, शून्याचे दोन, दोनाचे चार.

गंमत म्हणजे आकडा वाढत गेला तसा काकांचा चेहरा उतरत गेला. "गळती थांबली की काय काका!" असं सुधीर म्हणाला तर ते घाईघाईने म्हणाले, "छे छे. गळती अशी आपोआप थांबत नसते."

त्याच्या पुढच्या शनिवारी मी जरा लवकर गेलो. उन्हाळा सरला होता, गॅरेजचं दार वर होतं. काका काट्यावर उभे होते. हात मोकळे, टाकी बाजूला भिंतीशी. मान खाली घालून ते स्वतःचा आकडा वाचत होते.

मला बघून ते सावकाश खाली उतरले.

"उणे गॅस कुठल्याही पुस्तकात नाही, अरविंद," ते म्हणाले. "मी इंजिनिअर आहे. गाढव नाही."

"म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"त्याच दिवशी. तुम्ही गेल्यावर एकटाच चढून बघितलं. एकशे अडतीस." त्यांनी बरणीतला रिठ्याचा फेस ब्रशने उगाच ढवळला. "हसलो मी. म्हटलं, घ्या टिपणीस, सापडली गळती."

"मग बोलला का नाहीत काका?"

ते ब्रश पुसत राहिले. आधी अंगठ्याने, मग फडक्याने, मग पुन्हा अंगठ्याने.

"सापडली की लोक घरी जातात रे," ते म्हणाले.

हा माणूस बुडबुड्यामागे जन्मभर धावलेला, आणि एक गळती त्याने हातात सापडून पुन्हा सोडून दिली होती, फक्त आम्ही दर शनिवारी यावं म्हणून. मी म्हणालो, "काका, आम्ही तसेही येऊ." त्यांनी मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही.

तेवढ्यात बाहेर गाड्या थांबल्याचा आवाज आला. शुभा पातेलं घेऊन उतरली, मागोमाग सुधीरचं कुटुंब, मुलं, आणि हॉस्पिटलमधून सुट्टी काढून आलेल्या काकू. काकांनी चटकन टाकी उचलली, छातीशी धरली आणि ते काट्यावर चढले. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. छताकडे बघत त्यांनी नेहमीच्या खणखणीत आवाजात विचारलं, "अरविंद, वाच रे आकडा!"

मी वाकलो. आकडा चांगला होता. मागच्यापेक्षा दोन पौंडांनी वर.

मी तीन पौंड कमी सांगितले.

"बघा!" काका सगळ्यांना म्हणाले. "म्हटलं नव्हतं? अजून गळतंय!"

काकूंनी माझ्याकडे बघितलं, मग काकांच्या पोटाकडे. पट्टा जुन्या भोकावर परत आला होता. त्यांनी पर्स ठेवली, बाह्या वर केल्या आणि ब्रश घेण्यासाठी हात पुढे केला.